देव आज कुठे आहे?

सोलापूर-हैदराबाद महामार्गावरचं, तुळजापूर तालुक्यातलं अणदूर खंडोबामुळे सगळ्यांना माहीत आहे. इथला मामला मात्र जरा निराळा. देव एक आणि देवळं दोन. वर्षातले साधारण सव्वादहा महिने देव अणदूरला असतो. मार्गशीर्षातली इथली यात्रा झाली की तो शेजारच्या नळदुर्गला जातो, बोरी नदीकाठी पावणेदोन महिने मुक्काम करतो आणि पौष पौर्णिमेची तिथली यात्रा उरकल्यावर परत येतो. दोन्ही गावच्या मानकऱ्यांमध्ये त्याचा लेखी करार होतो.

लांबून येणाऱ्या भाविकाचा पहिला प्रश्न त्यामुळे ठरलेला असतो: देव आज कुठे आहे?

प्रोग्रॅमिंग शिकायला बसलेल्या मुलामुलींना पहिला धडा म्हणून याहून चांगला प्रश्न मला सुचत नाही. बहुतेक क्लासमध्ये सुरुवात पडद्यावर ‘हॅलो वर्ल्ड’ उमटवण्यापासून होते आणि मग महिनाभर ताऱ्यांचे त्रिकोण छापून घेतात. त्यातून हाताला वळण लागतं हे खरं, पण असा त्रिकोण कुणालाच नको असतो. एमएस-सीआयटी 2001पासून गावोगावी पोचली, तिने संगणक वापरायला शिकवलं. संगणकाला काम सांगायचं कसं, ही पुढची पायरी आहे. त्या पायरीवर अडचण इंग्रजीची कमी असते आणि नियम अर्धवट सांगण्याची सवय जास्त नडते.

देवाचा ठावठिकाणा ठेवायला एक व्हेरिएबल पुरतं. त्याचं नाव ‘देव_कुठे’ असं थेट देवनागरीत ठेवता येतं. 2008 साली आलेल्या पायथॉन 3पासून ते चालतं, जावास्क्रिप्टलाही चालतं. त्याच्या किमती दोनच, अणदूर किंवा नळदुर्ग. आता अट लिहायची. नवखा माणूस म्हणतो, डिसेंबर-जानेवारीत देव नळदुर्गला, एरवी अणदूरला. आणि लिहितो: महिना 12 किंवा त्याहून मोठा ‘आणि’ महिना 1 किंवा त्याहून लहान. प्रोग्रॅम चालतो, एकही एरर येत नाही, आणि वर्षाचे बाराही महिने उत्तर येतं ‘अणदूर’. एकाच वेळी 12 आणि 1 असणारा महिना कुठून आणायचा? माणसाला डिसेंबरनंतर जानेवारी येतो हे सांगावं लागत नाही. संगणकापुढे मात्र नुसते दोन आकडे असतात. ‘आणि’च्या जागी ‘किंवा’ घातलं की गाडी रुळावर येते. एरर न देता चुकीचं उत्तर देणारा बग सगळ्यात वाईट, हे इथे फुकटात शिकून होतं.

एवढ्यावर भागत नाही. देव तिथीने चालतो, इंग्रजी तारखेने नाही. चांद्र वर्ष सुमारे 354 दिवसांचं, सौर वर्ष 365चं, म्हणून सण बहुतेक वर्षी अकराएक दिवस अलीकडे सरकतात. मार्गशीर्षातली चंपाषष्ठीच पाहा: 2023मध्ये 18 डिसेंबर, 2024मध्ये 7 डिसेंबर, 2025मध्ये 26 नोव्हेंबर. म्हणजे ‘डिसेंबर’ हा शब्द अटीत कोंबला की प्रोग्रॅम एखाद्या वर्षी हमखास तोंडावर पडणार. तिथी गणिताने काढता येते, नाही असं नाही. सूर्य आणि चंद्र यांच्यातला कोन 12 अंशांनी वाढला की एक तिथी होते. पण ते खगोलगणित पहिल्या महिन्यात अंगावर घेऊ नये. पंचांग बघून एक तक्ता करावा: वर्ष, देव निघाल्याची तारीख, परतल्याची तारीख. प्रोग्रॅमने आजची पूर्ण तारीख, म्हणजे दिवस, महिना आणि वर्षही, त्या दोन तारखांच्या मध्ये पडते का एवढंच पाहायचं. नियम कोडमध्ये आणि तारखा तक्त्यात. पुढच्या वर्षी कोडला हात लावायचा नाही, तक्त्यात एक ओळ वाढवायची. बँकांची आणि रेल्वेची मोठमोठी सॉफ्टवेअरंही नियम आणि माहिती अशीच वेगळी ठेवतात.

हेच काम दोन पद्धतींनी करून पाहावं. डेस्कटॉपसाठी पायथॉन घ्या. त्याच्याबरोबर सहसा ‘टीकेइंटर’ येतं, त्यातून एक खिडकी आणि एक बटण तयार होतं. नेट गेलं तरी चालतं. वेबसाठी नोटपॅड आणि ब्राउझर पुरे: एचटीएमएलने पान मांडायचं, सीएसएसने सजवायचं, जावास्क्रिप्टने हलतं करायचं.

इथे गंमत सुरू होते. चंपाषष्ठीची 26 नोव्हेंबर 2025 ही तारीख जावास्क्रिप्टला 2025, 11, 26 अशी दिली तर ती निमूट 26 डिसेंबर धरते. कारण तिथे महिने शून्यापासून मोजतात, जानेवारी 0 आणि डिसेंबर 11. दिवस मात्र 1पासूनच! ब्रेंडन आइक याने 1995मध्ये ही भाषा दहा दिवसांत उभी केली, तेव्हा तारखेचा हिशेब जावातून जसाच्या तसा उचलला. जावाच्या आधी सी भाषेतही महिने शून्यापासूनच होते. एका जुन्या सोयीची किंमत जगभरचे नवशिके आजही चुकवताहेत. पायथॉनमध्ये नोव्हेंबर सरळ 11 असतो.

शिवाय वेबपान ‘आज’ घेतं ते पाहणाऱ्याच्या मोबाइलमधून. अणदूरला सकाळची आरती सुरू असते तेव्हा न्यू जर्सीतल्या मराठी घरात आदल्या दिवसाची रात्र असते. देव निघण्याच्या दिवशी हा फरक उत्तर पालटवू शकतो, म्हणून तारीख भारतीय वेळेनेच काढायला सांगावं लागतं.

मराठीचाही एक धडा पदरात पडतो. भाविकाने वर्ष देवनागरी अंकांत, ‘२०२५’ असं टाइप केलं तर पायथॉन त्याचा आकडा बिनतक्रार करून देतो. जावास्क्रिप्ट म्हणतं, हा आकडाच नाही. ‘नळदुर्ग’ शब्दाची लांबी विचारा. वाचताना अक्षरं चार, पण दोघेही उत्तर देतात 7, कारण युनिकोडमध्ये उकार, रफारातला र आणि हलन्ताची खूण हे सगळं वेगळं मोजतात. चौकट चार अक्षरांची ठेवली तर नाव मध्येच तुटेल.

वेब की डेस्कटॉप, हा वाद घालत बसण्यात अर्थ नाही. माहिती कुणासाठी आहे ते पाहावं. देवाचा पत्ता जगाला सांगायचा आहे, तो वेबवर हवा. याच गावात हॅलो मेडिकल फाउंडेशन आरोग्याचं काम करतं. अशा कामातल्या रुग्णांच्या नोंदी नवशिक्याने उघड्या वेबपानावर टाकणं हा शुद्ध बेजबाबदारपणा ठरेल. त्या दवाखान्यातल्या संगणकात, पासवर्डआड राहिलेल्या बऱ्या.

शिकण्यासाठी हजारोंची फी भरायची गरज नाही. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’वर प्रोग्रॅमिंगचे धडे मराठी आवाजात फुकट मिळतात. पायथॉनही फुकट आहे, आणि ब्राउझर तर संगणकात असतोच.

करून पाहणार असाल तर एक सांगतो. 2026मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, म्हणजे पंचांगात एक महिना जास्तीचा. तक्त्यातल्या मागच्या ओळीतून अकरा दिवस वजा करून त्या वर्षीची मार्गशीर्षातली तारीख काढू नका, पंचांगात बघूनच भरा.