शिधापत्रिका आणि नांगर

दुसरें महायुद्ध संपून ऐंशी वर्षें लोटलीं. त्या युद्धांतील रणांगणांचीं वर्णनें आमच्या वाचकांनीं पुष्कळ वाचलीं असतील. परंतु त्याच काळीं घराघरांतील चुलीपुढें जी लढाई चालली होती, तिची हकीकत शेतकऱ्यास अधिक उपयोगाची असूनहि फारशी सांगितली जात नाहीं. इंग्लंडांत १९४० पासून १९५४ पर्यंत, म्हणजे चौदा वर्षें, कोणत्या ना कोणत्या खाद्यपदार्थाचें वांटप शिधापत्रिकेवर चालू होतें. हें वांटप एकंदरींत यशस्वी झालें असें मानण्यांत येतें, व त्याचें श्रेय बहुधा कार्डें छापणाऱ्या अन्नखात्यास मिळतें. आमच्या मतें हें निम्मेंच खरें आहे. शिधापत्रिका ही एक हुंडी आहे. ती लिहितें सरकार. पण ती वटविण्याची वेळ येते तेव्हां कोठारांत माल असावा लागतो, आणि तो माल कोणाच्या तरी शेतांतून यावा लागतो. इंग्लंडांत तो कसा आला, हें येथें थोडक्यांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

युद्धापूर्वीं इंग्लंड हें अन्नाच्या बाबतींत अत्यंत परावलंबी राष्ट्र होतें. लोकांच्या अन्नापैकीं सुमारें दोनतृतीयांश भाग बाहेरून येई. दरसाल जवळजवळ दोन कोटि टन अन्नसामुग्री आगबोटींतून उतरत असे. गहूं कॅनडांतून, लोणी न्यूझीलंड व डेन्मार्क येथून, चहा हिंदुस्थान व सिलोन येथून. स्वस्त परदेशी धान्यापुढें टिकाव न लागल्यामुळें तेथील शेतकऱ्यानें नांगर टाकून दिला होता व वावरांचीं कुरणें झालीं होतीं. अशा स्थितींत जर्मन पाणबुड्या समुद्रांत फिरूं लागल्यावर काय होणार, हें कोणासहि कळण्यासारखें होतें. पहिल्या महायुद्धांत नियंत्रित वांटप १९१८ सालीं, म्हणजे युद्ध संपण्याच्या वर्षीं सुरू झालें होतें. या खेपेस तो उशीर होऊं द्यावयाचा नाहीं, असा निश्चय आधींच झाला होता. २९ सप्टेंबर १९३९ रोजीं घरोघर माणसांची नोंदणी झाली, आणि ८ जानेवारी १९४० पासून लोणी, साखर व डुकराचें खारवलेलें मांस शिधापत्रिकेवर मिळूं लागलें. त्याच वर्षीं मार्चमध्यें मांस, जुलैमध्यें चहा. पुढल्या वर्षीं मुरंबा व चीज अशी ही यादी वाढत गेली.

व्यवस्थेची किल्ली एका साध्या गोष्टींत होती. प्रत्येक कुटुंबानें एकाच दुकानदाराकडे आपलें नांव नोंदवावयाचें, व त्या दुकानदारास नोंदलेल्या माणसांच्या संख्येइतकाच माल मिळावयाचा. त्यामुळें गिऱ्हाइकास दहा दुकानें हिंडण्याचें कारण उरलें नाहीं, व वाण्यासहि जादा माल दडवून ठेवण्यास फारसा वाव राहिला नाहीं. चोरटा बाजार मुळींच नव्हता असें नाहीं. पण तो पोटाचा आधार बनला नाहीं. प्रमाण कितपत होतें हें आमच्या वजनांत सांगूं. चहा आठवड्यास दोन औंस, म्हणजे आमच्याकडील सुमारें एक छटाक. लोणी बहुतेक काळ तितकेंच. चीज कधीं तितकें, कधीं त्याच्या निम्मे. साखर चार छटाकांच्या आसपास. मांस वजनानें नव्हे तर किंमतीनें मिळे: बहुतेक काळ आठवड्यास माणशीं एक शिलिंग दोन पेन्स, म्हणजे त्या वेळच्या हुंडणावळीनें सुमारें साडेबारा आण्यांचें. ज्यास हाडाचा स्वस्त भाग चाले त्यास अधिक वजन मिळे. शाकाहारी माणसानें मांसाचा हक्क सोडला तर त्यास चीज अधिक देत. शेतमजुरालाहि चीजचा जादा वांटा होता. कारण कारखान्यांतील कामगाराप्रमाणें त्यास दुपारीं उपाहारगृह जवळ नसे, आणि बांधावर बसून खावयाचें तें पाव आणि चीजच.

रोजच्या संसारांत याचा अर्थ काय झाला हें गृहिणींनींच जाणावें. अंडें आठवड्यास एखादें मिळालें तर मिळे. १९४२ पासून अमेरिकेंतून अंड्यांची भुकटी डब्यांतून येऊं लागली, व एका डब्यांत बारा अंडीं असा हिशेब असे. केळीं तर दिसेनाशींच झालीं. मासळीवर रेशन नव्हतें, परंतु ती मिळण्यासाठीं रांगेंत ताटकळावें लागे. डबाबंद पदार्थांसाठीं १ डिसेंबर १९४१ पासून गुणांची पद्धति निघाली: प्रत्येकास ठराविक गुण, आणि ते कशावर खर्चावे हें ज्याचें त्यानें ठरवावें. लोकांस ही मोकळीक फार आवडली. सकाळीं रेडिओवर पाककृति सांगत. १९४० च्या एप्रिलपासून अन्नमंत्री असलेले लॉर्ड वुल्टन यांच्या नांवाची, भाज्या व बटाटे घालून केलेली एक कचोरीवजा वडी तर कायमची प्रसिद्ध झाली, जरी ती आवडीनें खाणारे थोडेच होते.

आमच्या नाशिक-पुण्याकडील वाचकांस कांद्याची गोष्ट विशेष वाटेल. इंग्लंडांत कांदा बहुतेक बाहेरून, विशेषतः फ्रान्सचा ब्रिटनी प्रांत व खाडींतील बेटें येथून येत असे. १९४० च्या उन्हाळ्यांत तो मुलूख जर्मनांच्या हातीं गेला, आणि त्या हिंवाळ्यांत कांदा इतका दुर्मिळ झाला कीं, एकेका कांद्याची सोडत लावून निधि जमविल्याच्या हकीकती आहेत. वाढदिवसास कांदा भेट देणें ही थट्टा राहिली नाहीं. पुढल्याच हंगामांत तेथील शेतकऱ्यांनीं व परसबागवाल्यांनीं कांद्याची लागवड वाढविली.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. एवढ्या तुटपुंज्या शिध्यावर राष्ट्र उपाशी कसें राहिलें नाहीं? याचें उत्तर शिधापत्रिकेवर काय होतें यांत नसून काय नव्हतें यांत आहे. युद्धाच्या सहाहि वर्षांत पाव आणि बटाटे यांच्यावर कधींहि रेशन आलें नाहीं. लोणी, मांस, साखर यांची कितीहि चणचण असो, पोट भरण्यापुरता पाव-बटाटा कोणासहि, कितीहि, ठरलेल्या स्वस्त भावानें मिळे. खाणीत राबणारा व कचेरींत बसणारा यांची भूक सारखी नसते. कष्टकऱ्यानें आपली जादा भूक कशानें भागवावी हा प्रश्न या मोकळ्या ठेवलेल्या अन्नानें सुटला, आणि बाकीच्या वस्तूंची सारखी वांटणी लोकांस न्याय्य वाटली. पण जें अन्न मोकळें ठेवावयाचें त्याचा सांठा अखंड पाहिजे. तो दोन वाटांनीं मिळविला गेला: एक गिरणींत, दुसरी शेतांत.

गिरणींतील वाट अशी. पूर्वीं पांढऱ्या पावासाठीं शंभर भाग गव्हांतून सुमारें त्र्याहत्तर भाग पीठ काढून बाकीचा कोंडा गुरांकडे जाई. १९४२ च्या वसंतऋतूंत हें प्रमाण पंच्याऐंशीवर नेण्यांत आलें व पांढरा पाव विक्रींतून गेला. म्हणजे तितक्याच गव्हांत बारा भाग पीठ जास्त, तेंहि अधिक सकस. नवा करडा पाव लोकांस आवडला नाहीं. जाड्या पिठाची भाकरी-पोळी खाणाऱ्या आम्हांस या कुरकुरीचें थोडें हसूं येतें; पण संवय ही मोठी वस्तु आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीनें खरी किंमत निराळीच होती. जो कोंडा माणसाच्या पोटांत गेला, तो डुकरांस व कोंबड्यांस मिळेनासा झाला. परदेशची पेंड व मकाहि येईना. १९४१ पासून जनावरांच्या खाद्यावरहि कुपनें आलीं. गाईस पहिला मान होता, कारण गर्भवती स्त्रिया, अंगावर पाजणाऱ्या माता व पांच वर्षांखालील मुलें यांस जुलै १९४० पासून दररोज एक पिंट, म्हणजे अर्ध्या शेराहून थोडें अधिक दूध दोन पेन्सांस, व गरिबांस फुकट देण्याची योजना चालू होती. डुकरें मात्र युद्धकाळांत निम्म्याहूनहि कमी उरलीं. ज्यांनीं परसांत कोंबड्या पाळल्या त्यांना अंड्यांचा शिधा सोडून त्याबद्दल थोडें खाद्य मिळे. घरांतील उष्टें-खरकटें एकत्र करून शेजारी-शेजारी मिळून एक डुक्कर पाळीत. या साऱ्याचें फळ म्हणून, १९४५ सालीं तेथील अर्भकमृत्यूंचें प्रमाण युद्धापूर्वींपेक्षां कमी झालेलें होतें.

शेतांतील वाट अधिक कष्टाची. मे १९३९ मध्यें, युद्धाच्या आधींच, जुनें कुरण मोडून नांगरणाऱ्यास एकरीं दोन पौंड, म्हणजे त्या वेळचे सव्वीस-सत्तावीस रुपये, देण्याचें सरकारनें जाहीर केलें. युद्ध सुरू होतांच प्रत्येक परगण्यांत शेतकऱ्यांचीच एक युद्धकालीन समिति नेमली गेली. कोणत्या वावरांत काय पेरावें, कोणतें कुरण मोडावें, ट्रॅक्टर कोणास द्यावा, हें ती ठरवी. गांवोगांव हिंडून प्रत्येक शेताची चांगलें, मध्यम, वाईट अशी प्रतवारी झाली. शहरांतील तरुण मुली स्त्रियांच्या शेतीदलांत दाखल झाल्या; १९४३ सालीं त्यांची संख्या ऐंशी हजारांच्या आसपास होती. नांगरटीखालीं सुमारें साठ लाख एकर जमीन नव्यानें आली, आणि गहूं व बटाटे यांचें क्षेत्र जवळजवळ दुप्पट झालें.

हें गोडीगुलाबीनेंच झालें असें समजूं नये. समितीचा हुकूम न मानणाऱ्याची जमीन काढून घेण्याचा अधिकार समितीस होता, व तो वापरला गेला. हॅम्पशायरमधील एका शेतकऱ्यानें १९४० सालीं आपलें घर सोडण्याचें नाकारून आंतून कड्या घातल्या, आणि शेवटीं पोलिसांच्या गोळीनें तो मारला गेला. त्याचें वावर समितीच्या मतें नीट पिकविलें जात नव्हतें. तें मत बरोबर असेलहि. परंतु राष्ट्राच्या पावासाठीं एका कुणब्यानें कोणती किंमत दिली, हें त्या पावाच्या स्तुतींत सहसा येत नाहीं, म्हणून आम्हीं तें येथें लिहून ठेवीत आहों.

इतकें असूनहि बहुसंख्य शेतकरी सरकारच्या पाठीशीं राहिले, याचें कारण भाव. पहिल्या युद्धाच्या वेळीं धान्याच्या किंमतीची हमी दिली होती, आणि १९२१ सालीं भाव कोसळतांच ती काढून घेतली. कर्ज काढून नांगरट वाढविलेलीं घरें बुडालीं. ही फसवणूक तेथील शेतकरी वीस वर्षांत विसरला नव्हता. म्हणून नोव्हेंबर १९४० मध्यें सरकारास जाहीर करावें लागलें कीं, ठरलेले भाव व खात्रीची खरेदी हीं युद्ध चाले तोंपर्यंत व त्यानंतर निदान एक वर्ष चालूं राहतील. पेरणीपूर्वीं भाव माहीत असलेला शेतकरी आणि खळ्यावर धान्य पडल्यावर भाव ऐकणारा शेतकरी, यांच्या नांगरटींत फरक पडतोच.

आमच्या देशाची त्याच वर्षांतील स्थिति यापुढें ठेवली म्हणजे हुंडीचा दृष्टांत स्पष्ट होईल. १९४२ सालीं ब्रह्मदेश जपानच्या हातीं गेला व तेथून येणारा तांदूळ बंद झाला. बंगालमध्यें सरकारच्या हातीं ना सांठा होता, ना वांटपाची व्यवस्था. भाव भडकले, आणि शेतमजूर, कोळी, नावाडी हे प्रथम मेले. चौकशी-मंडळानें मृतांचा आंकडा पंधरा लाख धरला. पुढील अभ्यासकांनीं तो तीस लाखांपर्यंत नेला आहे. १९४३ च्या आरंभीं ब्रिटिश सरकारनें हिंदी महासागरांतील आगबोटींच्या फेऱ्या फार कमी करून त्या अटलांटिककडे वळविल्या होत्या. लंडनच्या पावामागें ही बाजूहि होती. कलकत्त्यांत शिधावाटप सुरू झालें तें ३१ जानेवारी १९४४ रोजीं. मुंबई शहरांत तें मे १९४३ मध्यें सुरू झालेलें होतें. त्या वर्षीं नेमलेल्या ग्रेगरी समितीनें लाखावर वस्ती असलेल्या शहरांत प्रौढास रोज एक रत्तल, म्हणजे सुमारें अर्धा शेर धान्य द्यावें असें सुचविलें. १९४६ सालीं तें पाऊण रत्तलावर आलें. शहराचें हें कार्ड वटविण्यासाठीं मुंबई इलाख्यांत शेतकऱ्याकडून लेव्ही घेतली जाई. तिच्या आठवणी आमच्या कित्येक वाचकांनीं वडिलधाऱ्यांच्या तोंडून ऐकल्या असतील. धान्य न्यावयास माणूस वेळेवर येई. पण ठरलेला भाव आणि चोरट्या बाजारांतील भाव यांत अंतर असे, आणि कापड, रॉकेल व लोखंड यांसाठीं त्याच शेतकऱ्यास त्याच चोरट्या बाजारांत जावें लागे.

इंग्लंडांत युद्ध जिंकल्यावर हाल संपले नाहींत. युद्धांत जो पाव मोकळा होता त्यावर २१ जुलै १९४६ रोजीं रेशन आलें व तें दोन वर्षें टिकलें, कारण जगभर गव्हाची टंचाई होती. मांस शेवटीं ४ जुलै १९५४ रोजीं कार्डावरून सुटलें. त्यापूर्वीं, १९४७ सालीं, तेथें शेतीविषयक कायदा झाला. त्या कायद्यानें मुख्य पिकांस व जनावरांच्या उत्पन्नास हमीचे भाव मिळाले, आणि ते भाव दरवर्षीं शेतकऱ्यांच्या प्रतिनिधींशीं बोलून ठरवूं लागले. १९२१ ची आठवण दोन्ही बाजूंस होती.