लॅपटॉप बोलतो, पण ऐकत नाही

“तुमचा आवाज येत नाहीये” हे वाक्य आपल्या घरांत रुळलं ते मार्च २०२० नंतर. टाळेबंदी लागली, शाळा-कॉलेज मोबाईलवर आलं, आणि ज्यांना जमलं त्यांनी नवा किंवा जुना लॅपटॉप घरात आणला. टाळेबंदी सरली, लॅपटॉप मात्र राहिला. आज जळगावच्या मेहरुणमध्ये काय किंवा धुळ्याच्या देवपुरात काय, एकाच लॅपटॉपवर सकाळी मुलाचा क्लास, दुपारी मुलीचे अर्ज, असरनंतर धाकट्यांचा नाजरा आणि रात्री आखातात नोकरीला असलेल्या अब्बूंशी बोलणं, असा दिवसभराचा राबता असतो. आणि त्यात कधीतरी, बरोबर नको त्या दिवशी, माइक मुका होतो. पडद्यावर समोरचा माणूस दिसतो, त्याचं बोलणंही नीट ऐकू येतं, पण आपण घसा खरवडून ओरडलो तरी तिकडे पोचत नाही.

आमच्या ओळखीतल्या धुळ्याच्या एका मुलीचं असंच झालं. घरी बसून करायच्या नोकरीची मुलाखत होती. बाहेरगावी पाठवायला घरचे तयार नव्हते, ही नोकरी मात्र सगळ्यांना पसंत होती. सकाळी साडेदहाला मुलाखत सुरू झाली आणि आवाज गेलाच नाही. दहा मिनिटं वाट पाहून पलीकडच्यांनी ‘पुन्हा कळवू’ असं लिहून खिडकी बंद केली. नंतर पाहिलं तर लॅपटॉपमध्ये काहीही बिघडलेलं नव्हतं. भावाचे ब्लूटूथ इयरफोन शेजारच्या खोलीत कपाटावर चालू पडले होते, आणि लॅपटॉप तिचा आवाज तिथून ऐकायचा प्रयत्न करत होता. तिने लगेच मेल लिहून कारण कळवलं आणि दुसरी वेळ मागितली. ती मिळालीही. पण दरवेळी मिळेलच असं नाही, म्हणून हा लेख.

माइक चालत नाही म्हटलं की आपण पहिलं काम करतो ते लॅपटॉप उचलून बाजारात नेण्याचं. त्याआधी घरीच दोन मिनिटांची एक परीक्षा करावी. विंडोजमध्ये आवाज टिपून ठेवायचा एक साधा प्रोग्राम असतो. अकरामध्ये त्याचं नाव ‘साउंड रेकॉर्डर’, दहामध्ये ‘व्हॉइस रेकॉर्डर’. तो उघडा, चार वाक्यं बोला आणि परत ऐका. आवाज नीट टिपला गेला, तर माइक ठणठणीत आहे. दोष झूम, मीट किंवा ब्राउझरमध्ये आहे. आवाज टिपलाच गेला नाही, तर दोष लॅपटॉपच्या आत आहे. एवढ्या एका गोष्टीने निम्मी शोधाशोध वाचते, आणि दुकानात गेलात तरी सांगायला काही हातात असतं.

रेकॉर्डरमध्ये आवाज येतो पण क्लासमध्ये जात नाही, तर ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत डावीकडे जे छोटं चिन्ह असतं ते दाबून पाहा. तिथे त्या साइटला माइक वापरायची परवानगी दिली आहे की नाकारली आहे ते दिसतं. घाईत पहिल्यांदा विचारलं गेलं तेव्हा कुणीतरी ‘ब्लॉक’ दाबलेलं असतं आणि ब्राउझर ते कायम लक्षात ठेवतो. परवानगी द्या, पान पुन्हा उघडा, काम होतं. झूमसारख्या प्रोग्राममध्ये मात्र माइकच्या चिन्हाशेजारचा बाण दाबून कोणता माइक निवडला आहे ते पाहावं लागतं. धुळ्याच्या त्या मुलीचा घोटाळा इथेच होता.

रेकॉर्डरमध्येही शांतता असेल, तर आधी कीबोर्डवर नजर टाका. बऱ्याच लॅपटॉपांवर वरच्या ओळीतल्या एखाद्या बटणावर माइकचं चित्र आणि त्यावर तिरकी रेघ असते. शेजारी चिमुकला दिवा असतो. तो लागलेला असेल तर माइक बटणानेच बंद केलेला आहे. घरात लहान मुलं असतील तर हे बटण कुणी दाबलं हे विचारायची गरज नाही.

त्यानंतर ‘सेटिंग्ज’मध्ये जाऊन ‘सिस्टीम’, मग ‘साउंड’, आणि खाली ‘इनपुट’ पाहावं. जोडलेल्या सगळ्या माइकांची यादी तिथे मिळते. आपल्याला हवा तो निवडा, आवाजाची पट्टी वर करा, आणि बोलताना शेजारची रेघ हलते का पाहा. ती हलली की माइक ऐकतो आहे. हलत नसेल तर ‘प्रायव्हसी’च्या भागात ‘मायक्रोफोन’ हे पान उघडा. तिथे मुख्य बटण, ॲपसाठीचं बटण आणि सगळ्यात खाली डेस्कटॉप ॲपसाठीचं वेगळं बटण असतं. हे शेवटचं बटण बहुतेकांच्या नजरेतून सुटतं. वरची दोन चालू आणि हे बंद, असं असलं तर काही प्रोग्राममध्ये आवाज जातो आणि काहींमध्ये जात नाही, आणि माणूस चक्रावून जातो.

आपल्याकडे जुने लॅपटॉप घेण्याचं प्रमाण बरंच आहे, आणि त्यात वाईट काही नाही. मोठ्या शहरांतल्या कंपन्यांनी वापरून काढून टाकलेली यंत्रं दणकट असतात. पण त्यांत दोन गोष्टी तपासून घ्याव्यात. एक म्हणजे, विक्रीआधी विंडोज नव्याने टाकलेलं असतं आणि आवाजाचा ड्रायव्हर, म्हणजे त्या यंत्राचा माइक कसा चालवायचा हे विंडोजला सांगणारा प्रोग्राम, कामचलाऊ असतो. ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये आवाजाच्या ओळीवर पिवळी खूण दिसली तर तसं समजावं. ड्रायव्हर लॅपटॉपच्या कंपनीच्या अधिकृत साइटवरूनच, आपल्या मॉडेलचा नंबर टाकून घ्यावा. शोधल्यावर पहिली दिसते त्या कुठल्याही साइटवरून घेऊ नये. तिथून ड्रायव्हरबरोबर आणखी काय काय घरात येईल सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. ऑफिसांसाठी बनवलेल्या काही लॅपटॉपांत विंडोज सुरू होण्याच्याही आधीच्या सेटिंगमध्ये, ज्याला बायोस म्हणतात, माइक पूर्ण बंद करायची सोय असते. गुप्ततेसाठी एखादी कंपनी तो तिथून बंद करून ठेवते आणि लॅपटॉप विकताना पुन्हा चालू करायचं कुणाच्या ध्यानात राहत नाही. मग विंडोजमध्ये कितीही खटपट केली तरी माइक यादीत दिसतच नाही, कारण विंडोजच्या लेखी तो अस्तित्वातच नसतो. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये किंवा आणखी कुठे जुना लॅपटॉप बघायला गेलात, तर पडदा, बॅटरी आणि कॅमेऱ्याबरोबर माइकवर चार वाक्यं टिपून दाखवायला सांगा. पैसे देण्याआधी.

हेडफोनचं गणित वेगळं. जुन्या डेस्कटॉपसाठीच्या हेडफोनला दोन पिना असत, हिरवी ऐकण्यासाठी आणि गुलाबी बोलण्यासाठी. आजच्या लॅपटॉपला बहुधा एकच भोक असतं आणि त्याला चार भागांची पिन लागते. पिनेवरच्या काळ्या रेघा मोजा: तीन असतील तर माइकची सोय आहे, दोन असतील तर फक्त ऐकण्याची. जुना हेडफोन टाकायचा नसेल तर दोन पिना एकात जोडणारी छोटी वायर मिळते. कधीकधी भोकात कचरा अडकून लॅपटॉपला हेडफोन लावलेलाच आहे असं वाटत राहतं, आणि तो आतला माइक वापरतच नाही.

लॅपटॉपचा स्वतःचा माइक असतो कुठे? बहुधा कॅमेऱ्याच्या दोन बाजूंना, टाचणीच्या टोकाएवढ्या भोकांमागे. कॅमेरा झाकायला आपण जी पट्टी चिकटवतो ती अनेकदा नेमकी याच भोकावर बसते. घरात स्त्रिया वावरत असतात, म्हणून कॅमेरा झाकावा हे योग्यच. फक्त पट्टी अरुंद कापावी. भोकात धूळ गेली असेल तर सुई घालू नका आणि दुकानातला हवेचा ब्लोअरही त्यावर मारू देऊ नका. आत सिलिकॉनचा अतिशय पातळ पडदा असतो, तो जोराच्या हवेनेही फाटतो. कोरडा मऊ ब्रश हलक्या हाताने फिरवला की पुरे.

या पडद्यामागे मोठा इतिहास आहे. चांगले माइक एकेकाळी महाग असत आणि त्यांना चालवायला बाहेरून बराच विद्युतदाब लागे. १९६२ मध्ये अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये गेर्हार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट या दोघांनी विद्युतभार कायम धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या पातळ पडद्याचा माइक तयार केला. एक जर्मन, दुसरा व्हर्जिनियात जन्मलेला कृष्णवर्णीय अमेरिकन. माइक स्वस्त आणि इवलासा झाला तो त्यामुळे. फोनपासून टेपरेकॉर्डरपर्यंत पुढची कित्येक वर्षं त्याचंच राज्य होतं. आता लॅपटॉप-मोबाईलमध्ये सिलिकॉनचे आणखी लहान माइक आले आहेत.

पडदा पुढे-मागे केला की आवाज येतो-जातो असं होत असेल, तर सेटिंगमध्ये काही शोधू नका. माइकची वायर बिजागरीतून जाते आणि वर्षानुवर्षांच्या उघडझापीने ती तुटत येते. हे काम कारागिराचंच.

आता खानदेशचा म्हणून एक खास त्रास. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि घरोघरी कूलर घोंगावत असतो. माइक चांगला असूनही पलीकडच्याला आवाज पाण्याखालून आल्यासारखा वाटतो, कारण प्रोग्राम कूलरचा आवाज पुसायला जातो आणि त्याबरोबर आपलं बोलणंही खरवडतो. कूलर बंद करून घामाघूम व्हायचं नसेल तर माइक जवळ घ्या. अंतर निम्मं केलं की आवाजाचा दाब दुप्पट होतो, कूलर मात्र तेवढाच राहतो. शिवाय चार्जर लावल्यावर गुणगुण ऐकू येत असेल तर थोडा वेळ बॅटरीवर चालवून पाहा. गुणगुण थांबली, तर घराचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनला दाखवून घ्या. तिसरी पिन तोडून प्लग बसवायची आपली सवय माइकपेक्षा जिवालाच जास्त धोक्याची आहे.

मुलांच्या नाजऱ्याच्या क्लासबद्दल थोडं अधिक सांगायला हवं, कारण तिथे ‘आवाज येतो’ एवढं पुरत नाही. उस्तादांना सीन, साद आणि से यांतला फरक ऐकू यायला हवा. या अक्षरांची सळसळ उंच स्वरांत असते. जुन्या पद्धतीचे ब्लूटूथ इयरफोन बोलण्यासाठी वापरले की चार हजार हर्ट्झच्या वरचं सगळं कापून टाकतात, म्हणजे नेमका फरक जिथे असतो तेच गाळलं जातं. मूल बरोबर म्हणतं, उस्ताद पुन्हा म्हणायला लावतात, आणि मूल हिरमुसतं. अशा वेळी वायरचा साधा हेडफोन बरा. मदची लांब ओढही मध्येच तुटते, कारण एकसारखा लांबलेला स्वर प्रोग्रामला पंख्याच्या आवाजासारखा वाटू शकतो. झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड’ नावाची सोय आहे, ती चालू केली की ही काटछाट थांबते. इंग्रजीचे उच्चार शिकणाऱ्यांनाही तिचा उपयोग होतो.

क्लास संपल्यावर पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात, घड्याळाजवळ, माइकचं चिन्ह दिसत राहिलं तर कुठला तरी प्रोग्राम अजून ऐकतो आहे असं समजावं आणि तो बंद करावा. घरातलं बोलणं घरातच राहिलेलं बरं.

आणि सगळं करूनही माइक बोलला नाही, वेळ तर पाच मिनिटांवर आली, तर? लॅपटॉपवर चित्र चालू ठेवा, त्याचा स्पीकर आणि माइक दोन्ही बंद करा, आणि त्याच मीटिंगमध्ये मोबाईलवरूनही शिरा. बोलणं-ऐकणं मोबाईलवर, दिसणं लॅपटॉपवर. स्पीकर बंद करायचं मात्र विसरू नका, नाहीतर दोन यंत्रं एकमेकांना ऐकून शिट्ट्या मारू लागतात. पुढे सवडीने दोन-तीनशे रुपयांचं यूएसबीत लावायचं छोटं साउंड कार्ड आणलं, तर आतला माइक दुरुस्त करण्याचा खर्चही अनेकदा वाचतो.