आधी मजकूर, मग वेलांटी

बंगळूरमधली बरीच मराठी मुलं घरी मराठी बोलतात, खाली खेळताना कन्नड आणि शाळेत इंग्रजी. मराठी लिहिणं होतं ते घरीच. त्यामुळे सहा-सात वर्षांच्या मुलाला स्वतःचं लिखाण सुधारायला शिकवायचं कामही आपल्याकडेच येतं.

शाळेत मराठी असली तरी हे आपोआप होत नाही. बंगळूरच्या अझीम प्रेमजी विद्यापीठानं आणि टाटा ट्रस्ट्सनं 2017 मध्ये एक अहवाल काढला. पालघरमधली मराठी आणि यादगीरमधली कन्नड मुलं वाचायला-लिहायला कशी शिकतात, याचा तो तीन वर्षांचा अभ्यास होता. दोन्हीकडे लेखन म्हणजे मुख्यतः उतरवून काढणं, असं त्यात दिसलं. जे आपलं नाहीच, ते मूल सुधारणार तरी कसं?

म्हणून सुरुवात मुलाच्या स्वतःच्या मजकुरापासून करावी. समजा, त्यानं लिहिलं: ‘आमी कबन पाकात गेलो. गाडीत बसलो. मजा आली.’ लिहिताना एक ओळ सोडायला सांगावी, भर घालायला जागा राहते. खोडरबर बाजूला ठेवावं. नको तो शब्द एका रेघेनं खोडला, की आधी काय लिहिलं होतं तेही दिसतं.

मग मुलाला ते मोठ्यानं वाचू द्यावं. पुष्कळदा मूल कागदावर नसलेलं वाक्यही ‘वाचून’ दाखवतं, कारण ते त्याच्या मनात असतं. तिथे थांबवून विचारावं, ‘हे कुठे लिहिलंयस?’ राहिलेलं त्याला तिथेच सापडतं.

यानंतर एकच प्रश्न विचारावा, तोही खरंच जाणून घ्यायचं असेल तो. ‘कुठली गाडी रे?’ मूल सांगतं, पुटाणी एक्सप्रेस, पार्कातल्या बालभवनातली छोटी आगगाडी. आणि शिट्टी वाजल्यावर ताई दचकली. ‘मग हे कुठे घालूया?’ इथे त्याला काकपद शिकवावं. काकपद म्हणजे राहिलेला मजकूर कुठे घालायचा, ते दाखवणारी ओळीखालची टोकदार खूण. मुलांना ही खूण फार आवडते. भर मोठी असेल तर कागदाची पट्टी चिकटवावी. ज्याला अजून लिहिता येत नाही, त्यानं चित्रात शिट्टी आणि ताई काढली तरी ती सुधारणाच.

सगळ्यात जास्त बिघडतं ते इथे. आपली नजर ‘आमी’ आणि ‘पाकात’वर जाते, हात लाल पेनाकडे. चार लाल गोल पडले की पुढच्या वेळी मूल येतील तेवढेच शब्द लिहितं, आणि ताई, शिट्टी, दचकणं सगळं गळतं. दुसरी चूक प्रेमापोटी होते: आपणच सुंदर वाक्य सांगतो आणि मूल ते उतरवतं. पेन्सिल त्याच्याच हातात राहू द्यावी. त्यानं बदल नाकारला तर तो निर्णयही मानावा.

शुद्धलेखन दुसऱ्या दिवशी, आणि एका वेळी एकाच प्रकारची चूक. आज फक्त रफार, म्हणजे अक्षराच्या डोक्यावरचा ‘र’. ‘पार्कात’ हळू म्हणायला लावलं, तर सुटलेला ‘र’ मूल स्वतःच पकडतं. मजकुरात कन्नड शब्द आला असेल तर राहू द्यावा; ती चूक नव्हे.

स्वच्छ प्रत दर वेळी नको. आजीला पत्र पाठवायचं असेल, भिंतीवर लावायचं असेल, तेव्हाच ती करावी. आणि खाडाखोडीचा कागद टाकू नये. नव्या प्रतीमागे टाचून, तारीख घालून ठेवावा.