इन्फ्लुएन्सरची क्रिप्टो पोस्ट: तुम्ही घेता, तेव्हा विकतं कोण?

रील बघताना एक ओळखीचा चेहरा समोर येतो. नवं क्रिप्टो टोकन आलंय, आठवड्यात भाव दहापट झालाय, 'अजूनही उशीर झालेला नाही', असं सांगतो. दहा-वीस हजार टाकून बघावेत, असं मनात येतंच. पण त्याआधी एक साधा प्रश्न स्वतःला विचारा. हे टोकन मला विकणारा कोण आहे आणि भाव वाढतोय तर तो ते का विकतोय?

किम कार्डाशियन यांना दंड का झाला?

जून २०२१ मध्ये अमेरिकेतल्या रिॲलिटी शो स्टार किम कार्डाशियन यांनी इन्स्टाग्रामवर 'इथेरियममॅक्स' या टोकनबद्दल पोस्ट टाकली. हा आर्थिक सल्ला नाही, मित्रांनी सांगितलं ते तुम्हाला सांगतेय, असा सूर होता. तेव्हा त्यांचे फॉलोअर्स २० कोटींहून जास्त होते. नाव 'इथेरियम'सारखं असलं, तरी हे दुसऱ्याच लोकांनी काढलेलं वेगळं टोकन होतं.

पोस्टमध्ये जाहिरातीचा हॅशटॅग होता. पण या एका पोस्टसाठी अडीच लाख डॉलर मिळाले, हे सांगितलेलं नव्हतं. अमेरिकेची बाजार नियामक संस्था एसईसीच्या मते कायद्यानुसार ते सांगणं बंधनकारक होतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये कार्डाशियन यांनी आरोप मान्य किंवा अमान्य न करता एकूण १२ लाख ६० हजार डॉलर भरून प्रकरण मिटवलं.

याच टोकनबद्दल माजी बास्केटबॉलपटू पॉल पियर्स यांच्यावरही कारवाई झाली. त्यांनी मोठा नफा दाखवणाऱ्या खात्याचा स्क्रीनशॉट टाकला होता. एसईसीच्या म्हणण्यानुसार त्यांच्याकडची टोकन प्रत्यक्षात त्यापेक्षा खूपच कमी होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांनीही १४ लाखांहून अधिक डॉलर भरून, आरोप मान्य किंवा अमान्य न करता, तडजोड केली.

भाव इतका झटपट कसा वाढतो?

समजा, एकाने १०० कोटी टोकन तयार केली. त्यातली ९० कोटी स्वतःकडे ठेवली, १० कोटी बाजारात आणली. कुणीतरी एक टोकन एक रुपयाला घेतलं, की स्क्रीनवर एकूण मूल्य '१०० कोटी रुपये' दिसू लागतं. खरेदीदारांचे प्रत्यक्ष आलेले पैसे मात्र काही लाखच असू शकतात.

अशा उथळ बाजारात थोड्याशा खरेदीनेही भाव उसळतो. मग पोस्ट व्हायरल होते आणि नवे लोक पैसे घेऊन येतात. आधीपासून टोकन बाळगणारे त्याच वेळी आपला माल त्यांना विकून बाहेर पडतात. याला 'पंप अँड डंप' म्हणतात. निर्मातेच सगळे पैसे काढून पसार झाले, तर तो 'रग पुल'.

ऑक्टोबर २०२१ मध्ये 'स्क्विड गेम' मालिकेच्या नावाने असंच एक टोकन आलं होतं. ते घेता येत होतं, पण बहुतेकांना विकता येत नव्हतं. साहजिकच भाव चढतच राहिला. १ नोव्हेंबरला तो २,८०० डॉलरच्या वर गेला आणि काही मिनिटांत जवळपास शून्यावर आला.

नवखेच का सापडतात?

टेलिग्राम-व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये शंका विचारणाऱ्याला 'भीती पसरवतो' म्हणून गप्प केलं जातं. भाव पडत असतानाही न विकणाऱ्याला 'डायमंड हँड्स' म्हणून शाबासकी मिळते. ऐकायला ही हिंमतीची गोष्ट वाटते. पण नवखे थांबून राहिले, तरच जुन्यांना चांगल्या भावात बाहेर पडता येतं.

भारतात नियम काय आहेत?

क्रिप्टोवर नियमन नाही, ते अतिशय जोखमीचं असू शकतं आणि नुकसान झाल्यास नियामकाकडे दाद मागता येईलच असं नाही, हा इशारा जाहिरातीत देण्याचा नियम जाहिरात मानक परिषदेने १ एप्रिल २०२२ पासून लागू केला. इन्फ्लुएन्सरच्या पोस्टलाही तो लागू आहे.

शिवाय नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि एका टोकनमधला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा करता येत नाही. एकात ५० हजार कमावले, दुसऱ्यात तेवढेच गमावले, तर हाती काहीच उरत नाही. तरीही १५ हजार कर आणि वर सेस भरावा लागतो.

पैसे टाकण्याआधी काय तपासाल?

- सर्वांत मोठ्या दहा वॉलेटकडे किती टक्के टोकन आहेत? ब्लॉकचेन एक्सप्लोररवर हे बहुतेक वेळा मोफत दिसतं.
- सामान्य लोकांना ते विकता येतंय का, की फक्त घेता येतंय?
- सांगणाऱ्याला पैसे किंवा टोकन मिळाली आहेत का?
- 'आजच घ्या' अशी घाई का केली जातेय?

यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर मिळत नसेल, तर ती पोस्ट पुढे ढकला आणि भाऊ-बहिणीलाही फॉरवर्ड करू नका.