मूठभर पाल्याचं माप

चैत्रात देवाला दवणा वाहतात. त्या दवण्याचा एक भाऊबंद म्हणजे किरमाणी ओवा. नावात ओवा असला तरी स्वयंपाकघरातल्या ओव्याशी त्याचं काही नातं नाही. तो पोटातल्या जंतांवर पिढ्यानपिढ्या दिला गेला. याच घराण्यातला तिसरा भाऊ चीनमध्ये वाढतो, त्याला तिथे छिंगहाव म्हणतात. किरमाणी ओव्यातलं सँटोनिन हे द्रव्य १८३० मध्ये वेगळं काढण्यात आलं आणि पुढची शंभरावर वर्षं जगभरच्या डॉक्टरांनी ते मुलांना गोल जंतांसाठी दिलं. त्यानं जंत लुळा पडे, मग जुलाब देऊन तो बाहेर काढावा लागे. मात्रा थोडी वाढली की मुलाला सगळं पिवळं दिसू लागे, आणखी वाढली तर झटके येत. विसाव्या शतकाच्या मध्याला पायपरझीनसारखी कमी धोक्याची औषधं आली आणि सँटोनिन मागे पडलं. छिंगहावातलं आर्टेमिसिनिन मात्र आज हिवतापावरच्या उपचाराचा कणा आहे. दोन्ही द्रव्यं निसर्गातली, दोन्ही परंपरेनं सांगितलेली. तरी एक टिकलं आणि एक सुटलं, ते तपासणीमुळे. द्रव्य नेमकं कोणतं, किती, कोणाला, किती दिवस आणि कशाच्या जोडीनं, या प्रश्नांची उत्तरं मिळाली की झाडातल्या द्रव्याचं औषध होतं. ती मिळेपर्यंत आपल्या हातात एक मोलाचा सुगावा असतो, पण सुगावाच.

छिंगहावाची गोष्ट जरा जवळून पाहण्यासारखी आहे. व्हिएतनामच्या जंगलात लढणारे उत्तरेकडचे सैनिक हिवतापानं हैराण झाले होते आणि क्लोरोक्विन या औषधाला हिवतापाचा परजीवी दाद देईनासा झाला होता. चीननं २३ मे १९६७ रोजी एक गुप्त प्रकल्प सुरू केला, त्या तारखेवरूनच त्याला ‘५२३’ हे नाव पडलं. १९६९ मध्ये बीजिंगच्या संशोधक थू योयो त्यात आल्या. त्यांच्या गटानं दोन हजारांवर जुने पाठ चाळले, सुमारे दोनशे वनस्पतींचे ३८० पेक्षा जास्त अर्क काढून उंदरांवर तपासले. छिंगहावाचा अर्क एकदा चांगला गुण दाखवी, पुढच्या वेळी जवळजवळ काहीच नाही. तेव्हा त्या पुन्हा ग्रंथांकडे वळल्या. चौथ्या शतकातल्या क हुंग या वैद्यानं मूठभर छिंगहाव पाण्यात भिजवून, पिळून, तो रस प्यायला सांगितलं होतं. काढ्यासाठी वनस्पती उकळायची ही सगळीकडची रीत, इथे उकळण्याचा उल्लेखच नव्हता. उष्णतेनं गुण नासत असेल का, असा प्रश्न त्यांना पडला. मग त्यांनी ईथर वापरलं. ते सुमारे ३५ अंशांलाच उकळतं, म्हणजे अर्क फारसा न तापवता काढता येतो. गुण पानांतच आहे, देठांत नाही, आणि पानंही वेळेवर खुडावी लागतात हेही ध्यानात आलं. अर्काचा आम्लधर्मी भाग विषारी निघाला, तो काढून टाकला. ऑक्टोबर १९७१ मध्ये उरलेल्या अर्कानं उंदीर आणि माकडांतले परजीवी पूर्णपणे नाहीसे केले. माणसांना देण्याआधी थू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो अर्क स्वतः घेऊन पाहिला. २०१५ चं नोबेल पारितोषिक या कामाला मिळालं. परंपरेचा मान राखणं म्हणजे काय, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. जुन्या वैद्याचा शब्द त्यांनी इतका गंभीरपणे घेतला की त्यात काय लिहिलेलं नाही, हेही वाचलं.

आता हे द्रव्य करतं काय ते पाहू. हिवतापाचा परजीवी आपल्या तांबड्या पेशीत शिरतो आणि तिथलं हिमोग्लोबिन खातो. त्यातून लोह असलेलं हीम सुटं होतं. ते परजीवीलाही विषच, म्हणून तो त्याचे निरुपद्रवी स्फटिक करून ठेवतो. सिंकोनाच्या सालीतलं क्विनिन या स्फटिक होण्यात अडथळा आणतं असं मानलं जातं. आर्टेमिसिनिनच्या रेणूत ऑक्सिजनच्या दोन अणूंचा एक नाजूक पूल असतो. हीममधल्या लोहाशी गाठ पडली की तो तुटतो आणि त्यातून निघणारे तडफदार कण परजीवीची प्रथिनं मोडून टाकतात. परजीवीनं खाल्लेल्या घासातूनच त्याचं मरण निघतं, म्हणून हे औषध इतकं वेगवान आहे. पण शरीरात ते काही तासच टिकतं. फाल्सिपेरम जातीच्या परजीवीचं एक चक्र ४८ तासांचं असतं आणि एका चक्रात हे औषध परजीवींची संख्या साधारण दहा हजार पटीनं खाली आणतं. गंभीर रुग्णाच्या अंगात एक लाख कोटी परजीवी असू शकतात. दोन चक्रांनंतरही हिशेबानं दहा हजार उरतात. ताप उतरलेला असतो, माणूस उठून बसलेला असतो, आणि रक्तात पुन्हा वाढायला पुरेसे परजीवी असतात. ते संपवायला अंगात जास्त दिवस राहणारं दुसरं औषध जोडीला लागतं. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना २००१ पासून जोडऔषधाचा आग्रह धरते आहे.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. पानात एकच द्रव्य थोडंच असतं, सगळी मिळून एकमेकांना साथ देतात, मग एकच वेगळं काढायचा अट्टाहास कशाला? हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. उंदरांवरच्या प्रयोगांत वाळवलेल्या पानाबरोबर आर्टेमिसिनिन रक्तात जास्त उतरल्याचं दिसलं आहे. पण माणसांवर चहा करून पाहिला तेव्हा काय झालं? काँगोमध्ये केलेल्या एका चाचणीत सातव्या दिवशी या पानांचा चहा घेणाऱ्यांपैकी सरासरी ७४ टक्के बरे दिसले, क्विनिन घेणाऱ्यांपैकी ९१ टक्के. पुढच्या आठवड्यांत चहावाल्यांमध्ये आजार मोठ्या प्रमाणात उलटला. चहानं गुण आला, हे खरंच. पण पुरता आला नाही, आणि अर्धवट मात्रा हीच परजीवीला औषधाशी जुळवून घ्यायची संधी देते. शिवाय सुकलेल्या पानात हे द्रव्य अगदी किंचित सापडतं किंवा एक टक्क्याच्या वरही जातं. वाण, जमीन, तोडणीची वेळ, सगळ्यावर ते ठरतं. सिंकोनाच्या सालीचंही असंच होतं. एका सालीनं ताप जाई, दुसरीनं जात नसे. १८२० मध्ये पॅरिसच्या पेल्तिए आणि काव्हांतू यांनी क्विनिन वेगळं काढलं आणि मगच डॉक्टरला ते तोलून देता आलं. पानातल्या द्रव्यांची एकमेकांना साथ खरी असेल तर तीही मोजलेल्या पाल्यावर, नोंदी ठेवून सिद्ध करता येईल. ते काम व्हायलाच हवं.

दुसरा आक्षेप उलट बाजूनं येतो. कारखान्यात हवं ते रसायन करता येत असताना झाडांच्या मागे लागायचं कशाला? शाळांमधून जंतनाशक दिनाला दिली जाणारी अल्बेंडाझोलची गोळी कुठल्या झाडातून आलेली नाही, तरी ती चांगलं काम करते. मान्य. पण ऑक्सिजनचा तो पूल असलेला रेणू हिवतापासाठी प्रयोगशाळेत आधी कोणाला सुचला नव्हता, तो पानानं दाखवला. आणि आता त्याच्याही पायाखालची जमीन सरकते आहे. पश्चिम कंबोडियात २००८-०९ च्या सुमारास परजीवी या औषधाला सावकाश दाद देऊ लागल्याचं दिसलं, आता रवांडा आणि युगांडातही तसे परजीवी सापडतात. आपल्या ईशान्य भारतात जोडीचं औषध निकामी ठरू लागल्यावर २०१३ मध्ये जोडी बदलावी लागली. नव्या रेणूंची गरज आहे, आणि ते सुचवण्यात वनस्पतींचा हात अजून धरण्यासारखा आहे. कोकणात आमांशावर देतात तो कुडाच घ्या. त्याच्या सालीतलं कोनेसिन अमिबावर चालतं हे जुनंच ज्ञान आहे, पण ते मज्जासंस्थेला त्रास देतं हेही कळलेलं आहे. इपिकॅक मुळातल्या एमेटिनचं असंच झालं. १९१२ मध्ये लिओनार्ड रॉजर्स यांनी कलकत्त्यात त्याची इंजेक्शनं देऊन अमिबाच्या आमांशाचे रोगी वाचवले, पण ते हृदयाला अपाय करी, म्हणून मेट्रोनिडाझोल आल्यावर ते बाजूला ठेवलं गेलं. ही द्रव्यं बाद झाली म्हणजे त्यांचा अभ्यास वाया गेला असं नाही. गुण कुठल्या टोकाला आणि अपाय कुठल्या टोकाला हे रेणूत शोधायचं, नको ते टोक बदलायचं, याला सुरुवात तिथूनच होते.

गरिबांचा आक्षेप मला सगळ्यांत जास्त टोचतो. गोळी दूर असते, दारातलं झाड जवळ असतं. यावर ‘चहा पिऊ नका’ एवढंच सांगणं हे उत्तर होत नाही, गोळी दारात नेणं हे उत्तर आहे. महाराष्ट्रात गडचिरोलीत हिवताप मोठ्या प्रमाणात आढळतो. तिथल्या पाड्यावर आशाताई बोट टोचून रक्ताचा थेंब पट्टीवर घेते आणि पंधरा-वीस मिनिटांत फाल्सिपेरम आहे की नाही ते कळतं. गोळ्यांच्या पाकिटाचा रंग वयाप्रमाणे वेगळा असतो, मोठ्या माणसाचं पांढरं, लहान मुलाचं पिवळं. वाचता न येणाऱ्या आईलाही कुठलं पाकीट कोणाचं ते रंगावरून ओळखता येतं. पहिला डोस आशाताईसमोर घ्यायचा असतो, आणि तो उलटून पडला नाही ना हे पाहायला ती थोडा वेळ बसते. तिसऱ्या दिवशी ताप गेलेला असतो, माणूस कामाला निघालेला असतो आणि शेवटच्या गोळ्या फडताळात तशाच राहण्याचा धोका असतो. म्हणून ती परत येते आणि रिकामं पाकीट दाखवायला सांगते.