कॅथेटर टेकला, पण किती?

कोल्हापूरकरांना भाकरी शिकवायला नको. तवा कितीही तापू दे, कडा दाबली नाही तर तिथं भाकरी कच्चीच राहते. हृदयाचे बिघडलेले ठोके सुधारायला ॲब्लेशन करतो, तेव्हा आमची अडचण नेमकी हीच.

जांघेतल्या शिरेतून कॅथेटर हृदयात जातो. त्याच्या टोकातून रेडिओलहरींचा प्रवाह सोडला की थेट तापतो तो जेमतेम १-२ मिलिमीटरचा थर. पुढं उष्णता झिरपत जाते. साधारण ५० अंशांना पेशी कायमच्या मरतात. टोक नीट टेकलं नाही तर ती उष्णता वाहतं रक्तच घेऊन जातं. मग वॅट वाढवून काय उपयोग?

शिवाय हृदय धडधडतंय, पेशंटचा श्वास चालू आहे. पूर्वी आम्ही हाताच्या अंदाजावर आणि एक्स-रेवर भागवायचो. आता टोकातला सेन्सर दाब ग्रॅममध्ये दाखवतो. 'टोकाटा' अभ्यासात सरासरी दाब १० ग्रॅमच्या खाली असलेल्या सगळ्यांचा त्रास वर्षभरात परतला. २० च्या वर असलेल्यांपैकी ८० टक्के ठीक राहिले. (पेशंट ३२ च होते, हेही सांगायला हवं.)

मग दाबा की जोरात! तेही नाही. डाव्या कर्णिकेची भिंत काही ठिकाणी २ मिलिमीटरसुद्धा नसते. भोक पडलं तर हृदयाभोवती रक्त साचून जिवावर बेततं.

अर्धवट भाजलेला भाग मात्र फसवा. तो सुजून गप्प बसतो, टेबलावर सगळं ठीक दिसतं. सूज उतरली की काही आठवड्यांनी वीज पुन्हा वाहू लागते. "एकदा केलं, मग परत का?" असं नातेवाईक विचारतात, तेव्हा कारण बऱ्याचदा अशाच एखाद्या कच्च्या ठिपक्यात असतं.