वीज कोणाकडून घ्यावी?

चार पेढ्यांवर भाव विचारल्यावाचून माल उचलावयाचा नाही, ही आपल्या व्यापारी घराण्यांची जुनी शिस्त आहे. परंतु अष्टौप्रहर घरात खपणारा एक माल असा की, त्याचा भाव दुसरीकडे विचारण्याची सोयच नव्हती. तो माल म्हणजे वीज. ज्याची तार दारात आली, त्याचे बिल भरावयाचे, एवढाच तो व्यवहार. मुंबईच्या उपनगरांत मात्र २००९ सालापासून या व्यवहारास निराळे वळण लागले. बेळगाव, इंदूर, बडोदे अशा ठिकाणी राहणाऱ्या आपल्या पुष्कळ कुटुंबांची एखादी शाखा बोरिवली-कांदिवलीस किंवा घाटकोपरास असतेच. तेव्हा तेथे नेमके काय घडले, हे समजून घेणे अप्रस्तुत होणार नाही.

ही हकीकत व्यापाऱ्यास चटकन उमगेल अशीच आहे. टाटांच्या खोपोली येथील जलविद्युत् केंद्रातून १९१५ साली मुंबईस वीज येऊ लागली. उपनगरांत घरोघर वीज पोहोचविण्यासाठी १९२९ साली बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय ही कंपनी स्थापन झाली. पुढे कित्येक वर्षे टाटा हे घाऊक विक्रेते व ही कंपनी किरकोळ दुकानदार, अशी वाटणी चालली. कालांतराने ही कंपनी रिलायन्सकडे गेली. मग घाऊक व्यापाऱ्याने त्याच पेठेत स्वतःचे किरकोळ दुकान थाटावे की नाही, यावर वाद जुंपला. टाटांस लहान ग्राहकांनाही थेट वीज विकता येईल, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००८ मध्ये दिला. त्यानंतर ऑक्टोबर २००९ मध्ये महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने ग्राहकास पुरवठादार बदलण्याची वाट मोकळी करून दिली. २०१८ साली रिलायन्सचा हा व्यवसाय अदानींनी घेतला.

आता यातील मेख पाहा. नवा पुरवठादार आला म्हणून प्रत्येक वेळी नवी तार येते असे नाही. बहुतेकांच्या घरी तार जुन्याच कंपनीची राहते आणि तिच्यावरून येणारी वीज हिशेबात नव्याची होते. रस्ता एकाचा व गाडीतला माल दुसऱ्याचा, असा हा प्रकार. साहजिकच रस्त्याच्या मालकास त्याचे भाडे पोचते करावे लागते. बिलावर ‘वहन आकार’ म्हणून जी रक्कम असते ती हीच. तारेत बिघाड झाला तर दुरुस्तीही तार ज्याची त्यानेच करावयाची. म्हणजे वीज वारंवार जाते म्हणून जो पुरवठादार बदलू पाहतो, त्याची निराशा होण्याचाच संभव अधिक. बदल होतो तो दराचा.

तो दरही वाटतो तितका सुटसुटीत नाही. जास्त वीज जाळणाऱ्याकडून चढा दर घेऊन थोडी जाळणाऱ्यास स्वस्त द्यावयाची, अशी आपल्याकडील रचना आहे. मोठे ग्राहक निघून जाऊ लागले तेव्हा मागे राहिलेल्या लहानांचा भार कोणी वाहावयाचा, हा प्रश्न आयोगापुढे आला. म्हणून २०११ साली निघून गेलेल्यांवर अधिभार बसविण्यात आला, व पुढे जुन्या कंपनीच्या मागील येण्यांचा वाटाही त्यांच्या बिलांत चढला. भागीदारी सोडली तरी जुने देणे चुकत नाही, तशातलाच हा प्रकार. माझ्या मते हे न्यायाचे होते; मात्र स्वस्त दर ऐकून गेलेल्या पुष्कळांस तो धक्काच वाटला.

याहून महत्त्वाची गोष्ट टप्प्यांची. पहिल्या शंभर युनिटांस एक दर, त्यापुढील दोनशेंस दुसरा, अशी चढती भाजणी असते. उदाहरणादाखल कल्पित आकडे घेऊ. वहन आकार धरून पहिल्या कंपनीचा दर शंभर युनिटांपर्यंत ४ रुपये व पुढे ८ रुपये आहे. दुसरीचा शंभरपर्यंत ५ व पुढे ७. उन्हाळ्यात एका घरात महिन्यास २६० युनिटे खपतात. पहिलीकडे बिल १६८० रुपये, दुसरीकडे १६२०. साठ रुपये वाचले! परंतु इतर महिन्यांत त्याच घराचा खप १२० युनिटांवर येतो. तेव्हा पहिलीकडे ५६० व दुसरीकडे ६४०. म्हणजे ऐंशीचा तोटा. उन्हाळ्याचे पाच महिने धरले तर वाचले ३०० आणि उरलेल्या सात महिन्यांत गेले ५६०. वर्षाअखेर २६० रुपये पदरचे गेले! मे महिन्याचे एकच बिल पुढे ठेवून जो निर्णय घेईल, त्यास हे दिसणार नाही. बारा महिन्यांची बिले एका कागदावर मांडली म्हणजे कोणत्याही मुनिमास अर्ध्या तासात याचा छडा लागेल. शिवाय दर आयोगाच्या नव्या आदेशागणिक बदलतात. एका वर्षी हलके असलेले पारडे पुढील वर्षी जड होते. म्हणूनच मुंबईत गेलेले काही ग्राहक पुन्हा जुन्या कंपनीकडे परतले.

इंग्लंडात घरगुती ग्राहकांस ही मुभा १९९८-९९ पासूनच आहे, व तेथील अनुभव बोलका आहे. अनेक छोट्या कंपन्यांनी ग्राहकास वर्षभराचा ठरावीक स्वस्त दर कबूल केला, परंतु स्वतःची खरेदी पुढील मुदतीच्या सौद्यांनी पुरती बांधून घेतली नाही. २०२१ साली वायूचे घाऊक भाव कडाडले आणि पंचवीसहून अधिक कंपन्या बुडाल्या. कोणाच्या घरी अंधार झाला नाही, कारण नियामकाने त्या ग्राहकांस दुसऱ्या कंपन्यांकडे सोपविले. पण स्वस्त दर गेला, आणि या उलाढालीचा खर्च सर्वांच्याच बिलांवर वाटला गेला. वायद्याची विक्री करून हाती माल न ठेवणाऱ्याची गत काय होते, हे आपल्या वाचकांस सांगावयास नको.

आपल्या बहुतेक गावी मात्र अद्याप एकच दुकान आहे. गोव्यात सरकारचे वीज खाते, बेळगावास हुबळीची कंपनी, बडोद्यास मध्य गुजरात वीज कंपनी. एकाच भागात अनेक पुरवठादार असावेत अशा आशयाचे विधेयक ऑगस्ट २०२२ मध्ये लोकसभेत मांडले गेले. ते समितीकडे गेले आणि लोकसभेची मुदत संपताच बारगळले. स्वयंपाकाच्या गॅसचा वितरक बदलण्याची योजना २०१४ पासून आहे खरी, परंतु तिन्ही सरकारी तेल कंपन्यांचा घरगुती सिलिंडर एका गावी एकाच भावाने मिळत असल्यामुळे तेथे सुधारलीच तर सेवा सुधारते, पैसा वाचत नाही. खर्च कमी करावयाचा तर उरतो उपाय स्वतःच्या छपराचा. २०२४ साली सुरू झालेल्या केंद्राच्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या सौर संचास ७८,००० रुपयांचे अनुदान ठरविण्यात आले. भांडवल किती वर्षांत फिटते, हे ज्याच्या त्याच्या बिलावर अवलंबून. शंभर युनिटांच्या घरास त्याची घाई करण्याचे कारण नाही.

मुंबईकर आप्तांसाठी दोन सूचना. मुलुंड-भांडुप भागात महावितरणची वीज आहे, तेव्हा तेथील ग्राहकांनी वर सांगितलेला बदल आपल्यास लागू आहे असे गृहीत धरू नये. आणि इतरत्रही अर्ज करण्यापूर्वी मागील थकबाकी फेडावी व जोडणी कोणाच्या नावे आहे ते तपासावे. दिवंगत वडिलांच्या नावावर चालत आलेले मीटर प्रथम वारसाच्या नावे करून घेतलेले बरे.